माझ्या डाव्या गालाचं संशोधन

हा आजार ज्यांना झाला आहे, किंवा ज्यांच्या मुलांना झाला आहे, अशा कुणाच्या हाती हे लिखाण पडलं तर आधीच सांगून ठेवते: मी बरी झालेली नाही. माझा आजार थांबला आहे. थांबणं आणि बरं होणं यांत केवढं अंतर असतं, ते ज्याचं त्यालाच कळतं.

माझ्या चेहऱ्याची डावी बाजू आटली आहे. चेहरा सुजला, भाजला, वाकडा झाला, हे लोकांना समजतं. आटणं समजत नाही. कातडीखालची चरबी, मांस आणि पुढे पुढे जबड्याचं हाडसुद्धा हळूहळू झिजत जातं. उजवी बाजू मात्र वयाप्रमाणे भरत राहते. उजवीकडून पाहिलंत तर मी तिशी ओलांडलेली, चारचौघींसारखी बाई आहे. डावीकडून पाहिलंत तर कुणाची तरी अंथरुणाला खिळलेली आजी. आमचं पंचवटीत फुलांचं दुकान आहे. वडील गेल्यापासून मीच ते बघते, आणि गिऱ्हाईकाला उजवा गाल दिसेल अशा बेताने बसते.

या आजारात कुणी मरत नाही, असं डॉक्टर सांगतात. ते खरं आहे. पण ते सांगतात तेव्हा त्यांना वाटतं की त्यांनी आपल्याला धीर दिला.

कपाळावरची रेघ

दहावीत होते. आई वेणी घालताना थांबली आणि माझं डोकं मागे करून बघायला लागली.

"हे काय गं? कुठे आपटलीस?"

केसांपासून डाव्या भुवईपर्यंत एक करडी रेघ उतरली होती. बोट फिरवलं की तिथे खोबण लागायची, ओल्या मातीतून काडी ओढावी तशी. दुखत नव्हती. आधी गल्लीतल्या डॉक्टरांनी गजकर्णाचं मलम दिलं. मग कुणी म्हणालं कोड आहे. मग हनुवटीची डावी बाजू बसली, तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, तोंडावरून वारं गेलं असणार. त्यावर पोटीस, तेल, शेक, सगळं झालं. आई संध्याकाळी गंगेवरून, म्हणजे आमच्या गोदावरीवरून, आली की अंगारा लावायची. यात दीड-दोन वर्षं गेली.

बारावीच्या फॉर्मसाठी फोटो काढायला गेले तेव्हा फोटोवाला काळ्या कापडातून डोकं बाहेर काढून म्हणाला, "ताई, तोंड सरळ करा."

"सरळच आहे," मी म्हणाले.

त्याने परत बघितलं आणि फोटो काढला. पैसे घ्यायला तो तयार नव्हता. बाबांनी जबरदस्तीने दिले. त्या दिवशी बाबांच्या लक्षात आलं की हे मलमाने जाणारं नाही.

नाव कळलं तो दिवस

नाशिकच्या कातडीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात पाठवलं. बाबांनी दुकान बंद ठेवलं. फुलांचं दुकान एक दिवस बंद म्हणजे त्या दिवसाचा माल उकिरड्यावर. आम्ही नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने गेलो. जाताना ते माझ्या डाव्या बाजूला बसले होते.

तिथे प्लास्टिक सर्जरीच्या विभागात सामंत मॅडम होत्या. बारीक अंगाच्या, पन्नाशीच्या, भरभर बोलणाऱ्या. त्यांनी माझा गाल दोन बोटांत धरून बघितला, जीभ बाहेर काढायला लावली, आणि मग विचारलं, "शिकणारी मुलं आहेत बाहेर. बोलावू का? त्यांना असा पेशंट पुन्हा बघायला मिळेलच असं नाही. तू नाही म्हणालीस तर नाही."

मी हो म्हणाले, कारण इतक्या दिवसांत मला कुणी काही विचारलंच नव्हतं. पुढेही मी इस्पितळात जे जे सहन केलं, ते त्या एका विचारण्याच्या बळावर.

मुलं गेल्यावर मॅडमनी आजाराचं नाव सांगितलं. परदेशातल्या दोन डॉक्टरांच्या आडनावांवरून पडलेलं. बाबांचा चेहरा उजळला.

"नाव आहे म्हणजे औषध असणारच."

"नाव देऊन शंभर वर्षं होऊन गेली," मॅडम म्हणाल्या. "औषध नाही. का होतो तेही माहीत नाही."

"का माहीत नाही?"

"फार थोड्यांना होतो, म्हणून फारसं कुणी शोधलंच नाही. शोधायला माणसं लागतात, वर्षं लागतात, पैसा लागतो. थोड्या माणसांसाठी तो कोण देतो?"

"वाढेल का?"

"वाढेल. किती वाढेल, कधी थांबेल, हे मी सांगू शकत नाही. खोटं सांगणार नाही."

येताना गाडीत बाबा माझ्या उजव्या बाजूला बसले. कसारा घाट येईपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. घरी आल्यावर आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "मग हिच्या लग्नाचं काय?" बाबा ताटावरून उठले.

शोभाला बघायला येणार होते

शोभा माझी धाकटी बहीण. तिला स्थळं यायला लागली तेव्हा माझा गाल पुरता बसला होता आणि डावा डोळा खोल गेला होता. पहिल्या वेळी आई माझ्याजवळ येऊन बसली. हातात ओवायला घेतलेली शेवंती होती.

"मंगल, चार दिवस मनमाडला मावशीकडे जाऊन येतेस का? तिलाही बरं वाटेल."

मी गेले. मावशीचे यजमान रेल्वेत होते. त्यांच्या क्वार्टरच्या मागे गाड्यांचं शंटिंग चालायचं, ते बघत मी बसायची. दुसऱ्या वेळीही गेले. तिसऱ्या वेळी आईला काही म्हणावंच लागलं नाही. घरात पोह्यांची तयारी दिसली आणि मी माझी पिशवी भरली. शोभा दारापर्यंत आली आणि रडायला लागली.

"ताई, मी सांगते आईला. तू घरात असताना जो हो म्हणेल त्याच्याशीच करीन."

"मग तू पण बसशील माझ्यासारखी दुकानात," मी म्हणाले.

तिचं लग्न सिन्नरला झालं. लग्नात मी कोठीघर सांभाळलं. तिच्या सासरच्यांना मी दिसले ती थेट सत्यनारायणाच्या दिवशी. तिच्या सासूने मला बघून शोभाच्या पोटाकडे बघितलं. हा आजार आनुवंशिक नाही असं मॅडमनी पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. पण ते त्या बाईंना कोण सांगणार? शोभाचा मुलगा जन्मला तेव्हा आधी त्याचं तोंड निरखून बघितलं गेलं, मग तो मुलगा आहे हे कुणाच्या तरी लक्षात आलं.

काकासाहेब

एके दिवशी मॅडमनी विचारलं, "तुमच्या नाशिकचे एक गृहस्थ येणार आहेत. त्यांना भेटशील?"

ते काकासाहेब. सातपूरला त्यांचा वायरींचा कारखाना होता. पांढरा सदरा, जाड भिंगांचा चष्मा, आवाज खडा. त्यांच्या पहिल्या मुलाच्या कवटीची हाडं जन्मतःच एकमेकांना जुळलेली होती. मेंदूला वाढायला जागा राहिली नाही. ते मूल फार जगलं नाही. डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या हाडामांसाचे असे जे आजार असतात, त्यांच्या संशोधनासाठी त्यांनी एक ट्रस्ट काढला होता.

"डॉक्टर मला म्हणाले, क्वचित होतं हे," त्यांनी मला सांगितलं. "मी म्हटलं, ज्याच्या घरी होतं त्याच्या घरी ते क्वचित नसतं."

ट्रस्टच्या मदतीने सामंत मॅडमनी अभ्यास सुरू केला. संधिवाताला देतात ती एक गोळी या आजारात चेहऱ्याचं आटणं थांबवते का, हे बघायचं. पेशंट बोटांवर मोजण्याइतके. कुणी खानदेशातला, कुणी कोकणातला. आमचा प्रवास, रक्ताच्या तपासण्या, गोळ्या, सगळं ट्रस्ट बघणार होता.

पैसे उभे करायला नाशिकला एका सभागृहात कार्यक्रम ठेवला. काकासाहेब दुकानावर आले. "मंगल, तू व्यासपीठावर बसशील का? नको वाटलं तर सरळ नाही म्हण." मी बसले. त्यापूर्वी इतक्या लोकांसमोर मी कधी गालावरचा पदर खाली घेतला नव्हता. कार्यक्रम झाल्यावर एक बाई पुढे आल्या. माझ्याकडे बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. पर्स उघडत त्यांनी काकासाहेबांना विचारलं, "हिचं ऑपरेशन कधी आहे?"

"ऑपरेशन नाही. हिचा आजार का होतो, कशाने थांबतो, ते शोधायचंय."

"म्हणजे हिला काय मिळणार?"

"हिला? कदाचित काहीच नाही. पुढच्यांना मिळेल."

बाईंनी माझ्याकडे आणि मग पर्सकडे बघितलं. "ऑपरेशन असलं की नक्की कळवा," असं म्हणून त्यांनी पर्स मिटली. काकासाहेब त्यांच्या पाठीकडे बघत राहिले. मला म्हणाले, "बघितलंस? रडायला तयार आहेत, थांबायला नाहीत."

प्लास्टरचे चेहरे

अभ्यासात दर काही महिन्यांनी चेहऱ्याचा साचा काढायचे. दातांच्या विभागात खुर्चीवर आडवं करायचे, केस फडक्यात बांधायचे, भुवयांना व्हॅसलीन लावायचे. नाकात दोन नळ्या, सरबताच्या असतात तशा. मग गार, लिबलिबीत काहीतरी तोंडभर ओतायचे आणि त्यावर प्लास्टर. डोळे बंद, तोंड बंद, कान अर्धे बंद. आपला श्वास आपल्यालाच दोन नळ्यांतून ऐकू येतो. पहिल्या वेळी मी हात झाडून सगळं उडवून लावलं. तंत्रज्ञाने न रागावता परत कालवायला घेतलं.

ज्यांना हे करावं लागेल त्यांना सांगते: त्यावेळी कुणाला तरी हात धरायला सांगा. बाकी काही उपयोगाचं नाही.

गोळी आठवड्यातून एकदा. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पोटात ढवळायचं. तोंड यायचं, केस गळायचे. मोगऱ्याच्या वासाने उलटी व्हायची, आणि आमच्या घरात मोगऱ्याच्या टोपल्या. आई त्या दोन दिवसांत फुलं ओवायला शेजारी जाऊन बसायची. माझ्या आजारपणात आईने मला मनमाडला पाठवलं हे जसं लिहिलं, तसं हेही लिहायला हवं.

साचे मॅडमच्या खोलीत फळीवर ओळीने ठेवलेले असत. माझे एका बाजूला. पहिल्यापासून बघत गेलं की डावा गाल पायरी पायरीने खाली उतरायचा. एकदा मॅडम नव्या साच्यावर कंपास धरून मोजत होत्या. त्यांनी मागचा साचा घेतला, परत मोजलं.

"मंगल, हललेलं नाही."

मी ओरडलेच. त्यांनी हात वर केला.

"थांब. हा आजार काही वर्षांनी आपोआपही थांबतो. तुझा गोळीने थांबला की आपोआप, हे मला माहीत नाही. म्हणून तर दुसरा गट आहे. त्यांना अजून गोळी दिलेली नाही, नुसतं मोजतोय. दोन्ही गट शेजारी शेजारी ठेवले की कळेल. मग त्यांनाही गोळी."

दुसऱ्या गटात कविता होती.

कविता

कळवणजवळच्या एका खेड्यातली, सात-आठ वर्षांची. डाव्या नव्हे, उजव्या गालाला नुकती खळी पडल्यासारखं दिसत होतं. कुणाला वाटावं मुलगी गोड हसते आहे. तिची आई हिराबाई साचा काढताना बघून घाबरली. माझ्या हाताला धरून म्हणाली, "ताई, हाई काय शे? पोरना तोंडले गारा लिपतस का?" गारा म्हणजे चिखल.

मी कविताचा हात धरून बसले. तिला सांगितलं, विहिरीवरची मोट असते ना, तसा नाकातल्या नळीतून श्वास घे आणि मनातल्या मनात म्हण, मोट चालली, मोट आली. ती एकदाही हलली नाही. साचा निघाल्यावर तिने तो हातात घेऊन बघितला आणि म्हणाली, "मावशी, मी झोपलेली अशी दिसते?"

तेव्हापासून आम्ही एकाच दिवशी तारीख घ्यायचो. हिराबाई डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणायची. माझ्या गोळ्या बघून विचारायची, "तुले गोळ्या दिन्यात ना? मंग मन्ही पोरले कव्हय देतीन?"

"थोडे दिवस. तिची पाळी येईल."

मॅडमनी मला जे सांगितलं होतं तेच मी तिला सांगत होते.

हसू

मग काकासाहेबांना अर्धांगवायू झाला. ट्रस्ट त्यांचे जावई सुधीरभाऊ बघायला लागले. ते वाईट माणूस नव्हते, हे आधी सांगते. कारखान्यासारखाच ट्रस्टही नीट चालावा असं त्यांना वाटायचं. त्यांनी फाटलेल्या ओठांच्या ऑपरेशनची शिबिरं सुरू केली. त्या शिबिरांना मी गेले आहे. ओठ शिवलेलं लेकरू आईच्या मांडीवर ठेवतात तेव्हा ती आई जशी बघते, ते मी बघितलं आहे. ते काम खोटं नाही. पण त्या कामाचा फोटो त्याच आठवड्यात काढता येतो.

संशोधनाचा खर्च थांबणार असं कानावर आलं तेव्हा मी त्यांच्या ऑफिसात गेले. त्यांनी चहा मागवला.

"मंगलताई, देणगीदार विचारतात, आमच्या पैशाचं काय झालं? मी काय दाखवू? प्लास्टरचे चेहरे?"

"अजून दोनेक वर्षं लागतील म्हणतात मॅडम."

"आणि मग औषध सापडेल?"

"गोळी लागू पडते की नाही ते कळेल."

"म्हणजे पडत नाही, असंही कळेल."

"हो."

"मग मी लोकांना काय सांगू? तुमचे पैसे घेतले आणि उपयोग होत नाही हे शोधून काढलं?"

"तेही कळायला हवं ना, सुधीरभाऊ. नाहीतर उद्या हेच परत कुणीतरी कुणाच्या तरी पोटात घालणार."

त्यांनी मान हलवली. "तुमचं बरोबर आहे. पण तुमच्या आजाराला लोक किती, आणि त्या लेकरांना किती. एका ऑपरेशनला एक हसू मिळतं. तुमच्या बाबतीत मला लोकांना नुसती वाट बघायला सांगावी लागते."

मला नीट हसता येत नाही, माझं तोंड एकाच बाजूने हलतं, हे त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तुमच्या गालासाठी काही करता येत असेल तर सांगा. तो खर्च ट्रस्ट नक्की करेल."

काकासाहेबांना भेटायला गेले. त्यांचंही तोंड आता एका बाजूला ओढलेलं होतं आणि शब्द फुटत नव्हता. त्यांनी हाताने विचारलं, काय चाललंय? त्यांच्या पत्नीने, काकूंनी, सांगू नको असं मला डोळ्यांनी खुणावलं आणि फुलांच्या भावाचा विषय काढला.

पैसे बंद झाले आणि मॅडमनी दुसऱ्या ट्रस्टांची दारं वाजवली. कुणी म्हणालं लहान मुलांचे कॅन्सर घ्या, कुणी म्हणालं आम्ही यंत्रं देतो, माणसांचे पगार देत नाही. नंतर त्या निवृत्त होऊन मुलीकडे परदेशी गेल्या. जाण्याआधी मला बोलावून म्हणाल्या, "मंगल, मी तुला काही दिलं नाही." मी म्हटलं, "तुम्ही विचारलंत." त्यांना कळलं नाही मी कशाबद्दल बोलते आहे.

पुढच्या वेळी गेले तेव्हा त्या खोलीत नवीन मशीन आलं होतं. साचे कुठे गेले विचारलं. जागा लागत होती, असं कळलं. आमच्या कातडीचे तुकडे आणि रक्त ज्या फ्रीजरमध्ये होतं, त्याचं काय झालं ते तिथे कुणालाच माहीत नव्हतं.

पुरावा नाही

कविताची गोळीची पाळी आलीच नाही. मी आणि हिराबाई तिला घेऊन विभागातल्या नव्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण होते, शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा थांबला त्या गोळीने," मी म्हणाले. "हिलाही द्या."

"गोळीनेच थांबला, हे कशावरून?"

साचा हातात धरून मॅडमनीही हेच म्हटलं होतं.

"हे औषध साधं नाही. यकृतावर परिणाम होतो. दहा वर्षांच्या मुलीला द्यायचं तर मला काहीतरी पुरावा लागेल. अभ्यास पूर्ण झाला असता तर गोष्ट वेगळी होती."

हिराबाईने माझ्याकडे बघितलं. ते काय म्हणाले हे मी तिला सोपं करून सांगावं म्हणून. मी सांगितलं. सांगताना मला ते पटत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास झाला. त्या डॉक्टरांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही दिली नसती.

पुढच्या काही वर्षांत कविताचा उजवा गाल गेला, मग नाकाची बाजू, मग जीभ एका बाजूने आटली आणि शब्द घसरायला लागले. बारा-तेराव्या वर्षी तिला फिट यायला लागल्या. पहिली फिट शाळेत, वर्गातच आली. त्यानंतर मुलं तिच्या बाकाजवळ बसेनात आणि ती शाळेत जाईना. वडिलांनी बाहेरचं म्हणून देवऋषी केला, हिराबाईने आमच्या काळारामाला नवस बोलला. मी तिला दुकानातला हार द्यायची.

माझ्या गालाचं ऑपरेशन ट्रस्टने खरंच करून दिलं. पोटाची चरबी काढून गालात भरली. पट्टी सुटली तेव्हा आई रडली. शोभा पेढे घेऊन आली. शिबिराच्या कार्यक्रमात माझा आधीचा आणि नंतरचा फोटो मोठा करून लावला होता. वर्षभरात ती चरबी विरघळून गेली. गाल परत होता तिथे. तो तिसरा फोटो कुणी काढला नाही.

ज्यांना हे ऑपरेशन सांगतील त्यांना एवढंच म्हणेन, करा, पण पट्टी सुटल्यावर लगेच पेढे वाटू नका.

कळवणला

गेल्या वर्षी नाशिकमध्ये एक नवे डॉक्टर भेटले. त्यांनी सामंत मॅडमच्या हाताखाली शिकताना आमच्याविषयी ऐकलं होतं. त्यांच्याकडे एक सहा वर्षांची मुलगी आली आहे, तिच्या कपाळावर रेघ उमटली आहे. अजून कुणाची मदत मिळालेली नाही, पण अर्धा राहिलेला अभ्यास पुरा करायचं त्यांच्या डोक्यात आहे.

"ज्यांना गोळी मिळाली नाही, त्यांचं पुढे काय झालं, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं आहे," ते म्हणाले. "त्यातलं कुणी तुमच्या ओळखीचं आहे?"

मी एस.टी.ने कळवणला गेले, तिथून जीपने गावात. हिराबाई कांदे साठवायच्या चाळीत होती. मला बघून उठली, हात धुतले, चहा टाकला. कविता आता अठरा-एकोणीस वर्षांची आहे. ओसरीवर ओढणी कपाळावरून गालावर घेऊन बसली होती. माझ्यासमोर तिने ती काढली. आम्ही दोघी समोरासमोर बसलो, तिचा उजवा गाल नाही आणि माझा डावा.

मी तिला सगळं सांगितलं. फोटो काढतील, मोजतील, रक्त घेतील, येण्या-जाण्याचं मी बघेन.

तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मावशी, मला तेव्हा गोळी मिळाली असती तर हे थांबलं असतं का?"

"माहीत नाही."

"आणि आता ह्या डॉक्टरांनी केलं, तर कळेल?"

"पूर्ण झालं तर कळेल."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. शब्द घसरू नयेत म्हणून ती सावकाश बोलते.

"मग मला नको. थांबलं असतं असं निघालं, तर मी काय करू? आत्ता मी म्हणते, नशिबात होतं. आई पण तेच म्हणते. ते कळलं तर आम्ही काय म्हणायचं?"

हिराबाई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. तिने ऐकलं होतं. कप खाली ठेवून ती परत आत गेली.

मी कविताला त्या सहा वर्षांच्या मुलीबद्दल सांगणार होते. रस्ताभर तेच वाक्य जुळवत आले होते. पण मी चहा प्यायले, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि निघाले. ती वेशीपर्यंत आली नाही. हिराबाई आली. जीपमध्ये बसताना माझ्या पिशवीत तिने कांदे भरून दिले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "काय म्हणाली कळवणची मुलगी? येईल?"

"नाही," मी म्हणाले.

"का?"

"लांब पडतं म्हणाली."